घडवण्यापूर्वीचे गणित

बाजारात माठ विकत घेणारे गिऱ्हाईक पैसे मोजण्यापूर्वी माठावर टिचकी मारून पाहते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का भाजलेला आहे, बद्द आला तर कोठेतरी तडा आहे, असे ते समजते. ही परीक्षा फार जुनी आहे आणि आजही ती खोटी ठरलेली नाही. सुतार लाकूड हातात तोलून पाहतो, लोहार तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून घण उचलतो, गवंडी विटेवर वीट वाजवून पाहतो. पदार्थाच्या अंगी किती बळ आहे हे ओळखण्याची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत आली. तिचे ग्रंथ झाले नाहीत. परंतु तिच्यापाशी एक मोठी सवलत होती. माठ फुटलाच तर दुसरा घेता येत होता.

आजच्या कारखानदारीत ही सवलत प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. जलविद्युत् केंद्रातील कित्येक टन वजनाचे चक्र मोडते की टिकते हे ते मोडून पाहता येत नाही. वृद्ध माणसाच्या खुब्यात बसवावयाचा धातूचा सांधा आधी त्याच्याच शरीरात घालून आजमावता येत नाही. विषारी रसायनाची टाकी फुटली तर वायू कोठवर जाईल, हे पाहण्यासाठी ती फोडता येत नाही. मग करण्यापूर्वी कळावे कसे? या प्रश्नाला गेल्या सत्तर वर्षांत विज्ञानाने जे उत्तर दिले, त्याचे नाव आहे संगणकावरील प्रतिरूप. पदार्थ प्रत्यक्ष घडवण्यापूर्वी आकड्यांत घडवावयाचा, आकड्यांतच त्याला ताण द्यावयाचा, तापवावयाचा, मोडावयाचा आणि काय होते ते पाहावयाचे. या विद्येची ओळख करून देताना मी उदाहरणे विशेषेकरून भोपाळची घेणार आहे. कारण या विद्येचे सामर्थ्य आणि तिच्याकडे पाठ फिरवल्याची किंमत, या दोन्ही गोष्टी त्या एका शहरात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

प्रतिरूप ही कल्पना मराठी श्रोत्यांना अनोळखी नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याने सुरू केलेल्या छोट्या विभागातून ते वाढले. तेथे मोठमोठ्या शेडांत आणि उघड्या मैदानांत नद्या, धरणे आणि बंदरे लहान प्रमाणात बांधून त्यांतून पाणी सोडले जाते. धरणाच्या सांडव्यावरून पूर कसा उसळेल, बंदराच्या तोंडाशी गाळ कोठे साचेल, हे त्या छोट्या नदीला विचारले जाते. पण छोटी नदी म्हणजे मोठ्या नदीचे नुसते खेळणे नव्हे. लांबी, रुंदी आणि खोली शंभरपट कमी केली तर काळ शंभरपट कमी होत नाही, तो दहापट कमी होतो. मूळ नदीत दहा तासांत घडणारी गोष्ट प्रतिकृतीत एका तासात घडते. हा हिशेब चुकला तर प्रतिकृती दिसावयास सुंदर असेल, उत्तर मात्र खोटे देईल. प्रतिरूप म्हणजे मूळ वस्तूचे चित्र नव्हे. मूळ वस्तू ज्या नियमाने वागते तो नियम पाळणारी दुसरी सोयीची वस्तू, एवढे या ठिकाणी ध्यानात ठेवावे.

संगणकावरील प्रतिरूपात ही दुसरी वस्तू माती-सिमेंटची नसते, ती समीकरणांची असते. ती कशी रचतात? आपल्या गावच्या मोजणीदाराची आठवण करा. शेत वेडेवाकडे असते, त्याचे क्षेत्रफळ एका सूत्राने निघत नाही. तो त्याचे त्रिकोण पाडतो. प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्र काढणे सोपे असते. मग सर्वांची बेरीज करतो. अभियंत्यांनीही हेच केले. टर्बाइनचे पाते किंवा पुलाची तुळई घेऊन तिचे हजारो, कधी लाखो बारीक तुकडे मनाने पाडले. एकेका तुकड्याचे वागणे साध्या नियमाने सांगता येते: इतका जोर लावला तर इतका दबतो, इतके तापवले तर इतका फुगतो. शेजारच्या तुकड्यांना तो जे ढकलतो तेवढेच तेही त्याला ढकलतात. ही सर्व समीकरणे एकदम सोडवली की संपूर्ण वस्तूचे वागणे हाती येते. या पद्धतीला सान्त घटक पद्धती म्हणतात. हे नाव अमेरिकन अभियंते रे क्लफ यांनी १९६० साली रूढ केले. लाखो समीकरणे एकत्र सोडवणे माणसाच्या आयुष्यात होणारे काम नव्हे. म्हणून ही पद्धती आणि संगणक यांची वाढ हातात हात घालून झाली.

तुकडे किती बारीक करावे, याला एका टोकाला मर्यादा नाही. अगदी अणूपर्यंतही जाता येते. या कामात एका भारतीयाचे नाव अग्रभागी आहे. हैदराबादेत १९२७ साली जन्मलेले अनीसुर रहमान हे पुढे अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. तेथे १९६४ साली त्यांनी संगणकात आर्गॉन या वायूच्या द्रवरूपाचे ८६४ अणू ठेवले. प्रत्येक अणू बाकीच्यांना किती ओढतो, किती लोटतो हे त्यांनी यंत्राला सांगितले आणि न्यूटनच्या नियमांनुसार त्या अणूंना क्षणाक्षणाने पुढे चालू दिले. त्या ८६४ अणूंच्या धावपळीतून निघालेले उत्तर खऱ्या द्रवावरील मोजमापांशी चांगले जुळले. चमचाभर द्रवातील अणूंपुढे ८६४ ही संख्या नगण्य आहे. तरीही नियम बरोबर असेल तर मूठभर दाण्यांवरून सगळ्या राशीची परीक्षा होते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आपल्या देशात या कामाला लागणारी यंत्रे हळूहळू आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बनवलेला टिफरॅक हा संगणक १९६० साली कामास लागला. पुढे पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ साली स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. परम घराण्यातील पुढची यंत्रे आज देशातील अनेक संस्थांत आहेत. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली परम ब्रह्म बसला. त्या मानाने पहिल्या यंत्रांचे बळ आज आपल्या खिशातील दूरध्वनीपुढेही काहीच नव्हे.

आता आपण भोपाळला जाऊ. तलावांचे हे शहर स्वातंत्र्यानंतर उद्योगाचे शहर झाले ते १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे. पुढे तो भेलमध्ये सामील झाला. तेथे जलविद्युत् केंद्रांची टर्बाइने बनतात. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांच्या पाण्यात गारेचे बारीक कठीण कण असतात आणि ते पोलादी पात्याला कानशीप्रमाणे घासून काढतात. कण कोणत्या कोनातून आदळला तर किती धातू जातो, पात्याची वक्रता किंचित बदलली तर आघात कोठे सरकतो, हे प्रश्न पाणी आणि धातू या दोघांचे मिळून आहेत. प्रत्येक आकार ओतून, बसवून, पावसाळाभर चालवून पाहणे परवडणारे नाही. म्हणून अशा ठिकाणी आधी आकड्यांतील पाणी आकड्यांतील पात्यावर सोडून पाहतात आणि जे दोन-चार आकार आशादायक वाटतात तेवढेच प्रत्यक्ष प्रयोगाला घेतात.

त्याच शहरात १९८१ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा निघाली. २००७ साली तिचे नाव प्रगत पदार्थ व प्रक्रिया संशोधन संस्था असे झाले. ॲम्प्री या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. तिचे पहिले संचालक डॉ. प्रदीप रोहतगी हे वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये दुसऱ्या पदार्थाचे कण मिसळून नवा मिश्रधातुसदृश पदार्थ ओतण्याच्या विद्येतील अग्रणी. या संस्थेने प्रारंभापासून आपल्या मुलखात जे विपुल आणि स्वस्त आहे तेच हाती घेतले: औष्णिक वीजकेंद्रांची राख, ॲल्युमिनियम उद्योगातील तांबडा चिखल, आणि घायपाताचा वाख.

या संस्थेत धातूचा फेसही बनतो. फेस म्हटल्यावर हसू येईल, पण तो खराच फेस आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बारीक कण मिसळून ते दाट करतात आणि मग त्यात असे द्रव्य टाकतात की जे उष्णतेने वायू सोडते. भाकरी फुगावी तसा धातू फुगतो आणि तसाच थिजतो. राखेत सापडणारे सूक्ष्म पोकळ गोलक धातूत मिसळूनही असा हलका पदार्थ करता येतो. त्याच्यावर जोर आला की त्यातील बुडबुड्यांच्या भिंती एकामागून एक चेपत जातात आणि धक्का आत जिरतो. मोटारीच्या अपघातात प्रवाशाचे रक्षण करावयास असा पदार्थ उपयोगी. परंतु बुडबुडे केवढे असावेत, भिंत किती जाड असावी? येथे प्रतिरूप उपयोगी पडते. लॉर्ना गिब्सन आणि मायकेल ॲशबी या दोन शास्त्रज्ञांनी १९८८ साली आपल्या ग्रंथात एक साधा नियम मांडला: अशा छिद्रयुक्त पदार्थाचा ताठपणा स्थूलमानाने त्याच्या सापेक्ष घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. भरीव धातूच्या पाचव्या हिश्श्याइतका हलका फेस केला, तर त्याचा ताठपणा पाचवा हिस्सा राहत नाही, तो जवळजवळ पंचविसावा हिस्सा होतो.

हा नियम केवळ धातूपुरता असता तर मी तो येथे सांगितला नसता. तो लाकडाला लागतो, पावाच्या तुकड्याला लागतो आणि आपल्या हाडांच्या आतील जाळीलाही बऱ्याच अंशी लागतो. हाड बाहेरून भरीव दिसते. पण त्याच्या टोकांशी आत बारीक कांड्यांची जाळी असते. या जाळीकडे अभियंत्याचे लक्ष गेले त्याची कथा प्रसिद्ध आहे. १८६६ साली झुरिक येथे शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर यांनी मांडीच्या हाडाच्या आतील रचनेचे चित्र दाखवले, तेव्हा स्थापत्यविद्येचे प्राध्यापक कार्ल कुलमान यांना त्या रेषांत आपण काढलेल्या यारीतील ताणाच्या रेषा दिसल्या. वजन उचलणारी लोखंडी यारी आणि शरीराचा भार पेलणारे हाड, दोघांनीही जेथे बळ हवे तेथेच माल घातला होता.

या जाळीची घनता वयाबरोबर घटते, स्त्रियांमध्ये विशेष वेगाने. येथे वर्गाचा नियम किती निष्ठुर आहे ते पाहा. हाडाच्या जाळीचे बळ घनतेच्या वर्गाप्रमाणे चालते असे धरले तर घनता शंभरावरून सत्तरावर आल्यावर बळ सत्तर राहत नाही, ते एकोणपन्नास, म्हणजे निम्म्यावर येते. न्हाणीघरात साधा पाय घसरला आणि आजीचा खुबा मोडला, असे घरोघर घडते. त्यामागे हा हिशेब आहे. आज हाडाची अतिसूक्ष्म क्ष-किरण चित्रे घेऊन त्यांतील प्रत्येक बारीक चौकोन सान्त घटकांचा एक तुकडा मानतात आणि त्या विशिष्ट हाडावर संगणकात भार देऊन पाहतात. कृत्रिम सांधा फार ताठ धातूचा केला तर तोच सर्व भार उचलतो, शेजारच्या हाडाला काम उरत नाही आणि बिनकामाचे हाड झिजू लागते. म्हणून सांध्याचा ताठपणा हाडाशी मिळताजुळता करावा, असे हे गणित सांगते. आणि हाडाप्रमाणे छिद्रे ठेवलेला धातू हा तसे करण्याचा एक मार्ग आहे. एकाच सूत्राने मोटार आणि माणूस या दोघांची चिंता वाहावी, हे या विद्येचे वैशिष्ट्य होय.

जीवसृष्टीतील पदार्थांचे प्रतिरूप रचण्याची परंपराही आपल्या देशात जुनी आहे. कातडे, स्नायुबंध आणि हाड यांना चिवटपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन तीन पदरांच्या वेणीसारखे असते, ही रचना मद्रासच्या डॉ. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली मांडण्यास आरंभ केला. पुढे १९६३ साली रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी रामकृष्णन व शशिशेखरन यांनी एक आलेख प्रसिद्ध केला. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, एवढ्या एका विचारावरून प्रथिनाची साखळी कोणत्या वळणांनी वळू शकते आणि कोणत्या नाही, हे त्या आलेखाने सांगितले. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही नव्या प्रथिनाची रचना त्या आलेखावर तपासून घेतात. रासायनिक व जैविक रेणूंच्या अशा गणिती प्रतिरूपांसाठी कारप्लस, लेव्हिट आणि वॉर्शेल यांना २०१३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि जिवंत सृष्टीतून आलेला पदार्थ गणिताला सहजासहजी वश होत नाही. भोपाळच्या प्रयोगशाळेने हाती घेतलेल्या घायपाताचेच पाहा. शेताच्या बांधावर लावलेल्या या काटेरी झाडाच्या पानांपासून वाख निघतो आणि त्याचा दोर वळतात, हे खेड्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. हाच वाख राळेत बसवून त्याचे पत्रे आणि फळ्या करता येतात. गणित वरवर सोपे दिसते. समजा, वाखाचा ताठपणा पंधरा आहे, राळेचा तीन आहे आणि शंभर भागांत तीस भाग वाख आहे. सर्व तंतू एकाच दिशेने असतील तर त्या दिशेने फळीचा ताठपणा साडेसहाच्या वर येतो. पण तीच फळी आडवी ओढली तर तो चारही भरत नाही. तंतू वेडेवाकडे पसरले असतील तर उत्तर मध्ये कोठेतरी राहते.

आणि ही झाली कागदावरची गोष्ट. प्रत्यक्षात वाखाचा ताठपणा पंधरा असतो, असे म्हणावयास आधार कोणता? एकाच पानाच्या बुडाचा तंतू वेगळा, मधला वेगळा, शेंड्याचा वेगळा. कोवळ्या झाडाचा वेगळा, जुन्याचा वेगळा. शिवाय तंतू जितका लांब तितकी त्यात कोठेतरी दुबळी जागा सापडण्याची शक्यता अधिक. साखळी तुटते ती सर्वांत दुबळ्या कडीपाशी. त्यातून वाख पाणी पितो, फुगतो आणि राळेपासून सुटू लागतो. पावसाळ्यातील फळी उन्हाळ्यातील फळी राहत नाही. कारखान्यातील पोलादाला एक आकडा पुरतो. वनस्पतीच्या तंतूला आकड्यांचा पट्टा लागतो. म्हणून येथे संगणक एकच उदाहरण सोडवत नाही. फासे टाकावेत तसे तो त्या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा आकडे उचलतो, हजारो फळ्या मनात बनवतो आणि त्यांपैकी किती टिकल्या, किती मोडल्या ते सांगतो. पण तो पट्टा आला कोठून? कोणीतरी शेतातून पाने आणली, तंतू काढले, एकेक तंतू चिमट्यात धरून तुटेपर्यंत ओढला आणि वहीत नोंद केली. महासंगणकाच्या पोटात अखेर ही वही असते. ती वही खोटी असेल तर यंत्राचा वेग त्या खोटेपणाला फक्त लवकर छापून देतो.

म्हणून संगणकाचे उत्तर समोर आले की तीन प्रश्न विचारावेत. यातील आकडे कोणी, कोठे मोजले? उत्तराचा प्रत्यक्ष वस्तूवर पडताळा घेतला काय? आणि हे उत्तर कोणत्या मर्यादेपर्यंत खरे, ती मर्यादा ओलांडल्यावर काय होईल? रंगीत चित्रे पाहून हे प्रश्न विसरण्याचा मोह होतो. तांबड्या-निळ्या रंगांनी रंगवलेले पाते पडद्यावर फिरू लागले की ते खरेच वाटू लागते. परंतु रंग हे पुराव्याचे काम करीत नाहीत.

श्रोतेहो, या तीन प्रश्नांनंतर एक चौथा प्रश्न राहतो. उत्तर मिळाल्यावर ते कोणी ऐकले काय? तो प्रश्न भोपाळपुरता टाळता येत नाही.

१९८४ सालच्या डिसेंबरच्या २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, तेथील युनियन कार्बाइड कारखान्याच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. टाकीत पाणी शिरले होते. या द्रव्याशी पाण्याचा संयोग झाला की उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. उष्णतेने क्रिया वेग घेते, वेगाने उष्णता आणखी वाढते. शेतकऱ्याला हे निराळ्या रूपात ठाऊक आहे. ओले गवत गंजीत रचले की ती आतून तापते आणि कधी आपोआप पेटते. बाहेर जाणारी उष्णता सरळ हिशेबाने वाढते. आत उत्पन्न होणारी मात्र तपमानाबरोबर झपाट्याने उसळते. या दोन रेषा कोठे छेदतात आणि कोणत्या बिंदूनंतर परतीची वाट राहत नाही, हे गणित रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव यांनी १९२८ च्या सुमारास मांडले होते. त्याला महासंगणक लागत नाही. कागद आणि पेन्सिल पुरते. हे द्रव्य थंड ठेवावयाचे असते. पण टाकीची शीतनयंत्रणा १९८४ च्या मध्यापासून बंद होती. वायू जाळून टाकणारा मनोरा कामात नव्हता आणि वायू धुऊन काढणारी यंत्रणा एवढ्या लोटापुढे अपुरी पडली. कंपनीच्याच तपासणी पथकाने १९८२ साली धोक्याच्या जागा नोंदल्या होत्या. त्याच वर्षापासून भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी आपल्या लेखांतून शहराला सावध करीत होते.

गळतीनंतर मात्र मोठा अभ्यास झाला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. एस. वरदराजन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांनी टाकीच्या तळाशी उरलेला गाळ तपासला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मंडळीही त्या कामात होती. त्या गाळातील द्रव्ये प्रयोगशाळेत पुन्हा घडवून त्यांनी त्या रात्री टाकीत काय झाले असावे याचा उलटा माग काढला आणि १९८५ च्या डिसेंबरात अहवाल दिला. १९८७ साली दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी वायू शहरावर कसा पसरला याचे संगणकावर प्रतिरूप केले. हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. हिवाळ्याची रात्र, मंद वारा, जमिनीलगत थंड आणि वर ऊबदार हवा. अशा वेळी वायू वर उठत नाही, तो सरपटत जातो. कारखान्याच्या भिंतीला लागून झोपड्या होत्या आणि पुढे जुन्या शहराची दाट वस्ती. सरकारने मान्य केलेले मृत्यूच काही हजारांत आहेत. पीडितांच्या संघटना याहून पुष्कळ मोठा आकडा सांगतात. ज्यांना इजा पोहोचली त्यांची सरकारी गणना पाच लाखांच्या वर आहे.

हे प्रतिरूप चांगले होते. पण ते तीन वर्षे उशिरा आले. जड वायूचे आणि हिवाळ्यातील स्थिर हवेचे नियम १९८४ पूर्वीही ठाऊक होते. टाकी फुटल्यास वायू कोठे जाईल, कोणत्या मोहल्ल्याला किती मिनिटे मिळतील, लोकांनी कोणत्या दिशेला जावे, हे आधी काढून त्या मोहल्ल्यांना सांगितलेले असते, तर त्या रात्री वायूच्याच दिशेने धावलेल्या कित्येकांना दुसरी वाट सापडली असती. घडून गेल्यानंतरचे गणित इतिहासाला आणि न्यायालयाला उपयोगी असते. झोपलेल्या माणसाला उपयोगी पडते ते घडण्यापूर्वीचे गणित. आणि तेही त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचले तरच.

या बाबतीत अलीकडची एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. त्या बंद कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनंतर जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवण्यात आला. तेथील लोकांनी भीतीने विरोध केला. तेव्हा उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली प्रथम दहा-दहा टनांचे तीन प्रयोग झाले. तासाला १३५, १८० आणि २७० किलो अशा वाढत्या वेगाने कचरा जाळून धुराड्यातील वायूंची मोजणी झाली. त्यानंतरच उरलेला कचरा जाळावयास घेतला आणि ते काम जून २०२५ च्या अखेरीस संपले. राखेबद्दल आणि कारखान्याच्या आवारातील माती-पाण्याबद्दल लोकांचे प्रश्न यामुळे संपले असे नाही. परंतु आधी थोडे करून पाहावे, मोजावे, मोजलेले उघड करावे आणि मग पुढे जावे, हा क्रम तरी या वेळी धरला गेला. तो क्रम लोकांनी विचारल्यामुळे धरला गेला, हेही विसरता कामा नये.

आपल्यापैकी फार थोडे लोक संगणकावर पदार्थाचे प्रतिरूप रचतील. परंतु आपल्या गावाजवळ कारखाना निघेल, आपल्या नदीवर पूल होईल, आपल्या घरातील वृद्धाच्या शरीरात धातूचा सांधा बसेल. त्या प्रत्येक वेळी कोणीतरी कोठेतरी असे गणित केलेले असते, निदान करावयास हवे होते. ते आम्हांला समजणार नाही, असे म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. आकडे कोठून आले, पडताळा घेतला काय, मर्यादा कोणती आणि वाईटात वाईट झाले तर आमच्या घरापर्यंत किती वेळात पोहोचेल, हे विचारावयास उच्च गणित लागत नाही. ज्याने गणित नीट केले आहे त्याला या प्रश्नांची उत्तरे साध्या शब्दांत देता येतात. ज्याला ती देता येत नाहीत, त्याचे गणित अजून पुरे झालेले नाही असे समजावे, आणि ते पुरे होईपर्यंत काम थांबवावयास सांगावे.